अंधारी चकती

"पाचच मिनिटं, बाबा. मग सोडते तुम्हाला," म्हणत लेकीने दाबयंत्राचा दांडा खाली घेतला.

वृद्धाश्रमात न्यायची बॅग प्रयोगशाळेच्या दाराशी ठेवून बाबा स्टुलावर बसले. जायचा हट्ट त्यांचाच. लेक पहाटे उठून त्यांचं सगळं करायची, मग नोकरी, आणि घरी आली की पुन्हा त्यांचंच. तिचा ओढलेला चेहरा त्यांना बघवत नव्हता.

काचेच्या चौकटीत लहानमोठ्या पारदर्शक चकत्या कशाही भरल्या होत्या. दाब वाढला तशा काही उजळल्या. एकीला एक टेकून प्रकाशाच्या वेड्यावाकड्या साखळ्या तयार झाल्या.

"भार ज्यांच्यावर, त्या उजळतात," ती म्हणाली. "वाळूचा ढीग असो नाहीतर शरीरातल्या पेशी, दाटीवाटीने भरलेलं सगळं असंच उभं राहतं."

"आणि ह्या अंधाऱ्या?"

"त्यांच्यावर काहीच नसतं. आज त्या काढून बघायच्यात."

"माझ्याच जातकुळीतल्या की! नुसत्या जागा अडवून बसलेल्या."

"पुरे हं, बाबा."

चिमट्याने तिने अंधाऱ्या चकत्या एकेक करून उचलल्या. बाकीच्या तसूभरही हलल्या नाहीत.

"बघ," बाबा म्हणाले, "कुणाचं काही अडलं का?"

तिने दांडा आणखी थोडा दाबला. सगळी रचना ढासळली.

"काल तर याहून कितीतरी जास्त दाब सोसला होता!" तिने घाईने कालचं चित्रण लावलं, अगदी संथ गतीने. काल अंधाऱ्या चकत्या जागेवर होत्या. भार वाढला. उजळलेली साखळी वाकली, आता मोडणार असं वाटलं, तोच ती शेजारच्या अंधाऱ्या चकतीला टेकली. ती चकती लख्ख उजळली. साखळी उभी राहिली.

तिने चित्रण थांबवलं.

"बाबा, मी फार दमलेय हो."

हे तिने आजवर कधी म्हटलं नव्हतं. बाबांनी स्टूल तिच्याजवळ सरकवलं. तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. खांद्याला रग लागली, तरी बाबा हलले नाहीत.

फोन थरथरला. वृद्धाश्रमाचा व्यवस्थापक विचारत होता, "आजोबा, निघालात ना? खोली तयार आहे."

"नाही हो, येत नाही," बाबा कुजबुजले. "मला काम लागलंय."