एक वाट जास्त

माझी धाकटी बहीण सोमवारी सकाळी कामावर निघाली आणि पोहोचलीच नाही. आमचे घर आणि तिचे कार्यालय यांच्यामध्ये चौकटीच्या वहीसारखे आखलेले रस्ते आहेत: चार चौक पूर्वेला, चार उत्तरेला. उलटे न फिरता तिथे जाण्याच्या वाटा सत्तर होतात. ही बाब मताची नव्हे.

"एकाहत्तर वाटा पायी पालथ्या घातल्या, सर," तपास संपल्याचे सांगताना हवालदार म्हणाला. "ताई कुठंच नाहीत."

"सत्तर! माझी बहीण हरवली आहे आणि तुम्हाला धड मोजताही येत नाही?"

"तुमचं गणित तुमच्यापाशी. चाललोय आम्ही."

अज्ञान मी क्षम्य मानतो. त्याची मिजास नाही. ती जास्तीची वाट दाखवायला लावून मी त्याला भर दुपारी बाहेर काढले.

तो पुढे, मी मागे. प्रत्येक वळणावर त्याची चूक सापडावी म्हणून मी टपून होतो. आठही चौक बिनचूक झाले. समोर तिचे कार्यालय असायला हवे होते. त्याच्या जागी आणखी एक रस्ता आत जात होता. आम्ही त्यात शिरलो, तशी मागची रहदारी कुणीतरी दार लोटावे तशी बंद झाली.

"हा काय प्रकार आहे?" मी ओरडलो.

हवालदार ओशाळला. "रागावू नका, सर. ताई इथंच भेटल्या. त्याच म्हणाल्या, दादाला एक वाट जास्त सांगा. मला शोधायला नाही आला, तरी तुमची चूक काढायला नक्की येईल."