पडा, पण आमच्या गादीवर

"बाबा, उजवीकडून या, निळ्या गादीपाशी थांबा, गिऱ्हाइकाकडे बघताय असं दाखवा आणि मग पडा. घाई नको," मोबाइलच्या मागून मुलगा म्हणाला.

गादीवाले मान डोलावून निघाले. निळी गादी यायच्या आधीच ते पट्ट्यापट्ट्यांच्या गादीवर आडवे झाले, थेट तोंडावर. क्षणभर तसेच पडून राहिले, मग कुशीवर वळून त्यांनी कॅमेऱ्याकडे बघत डोळा मारला.

मुलाने कपाळाला हात लावला. पण व्हिडिओ पुन्हा बघताना तो एकटाच खो-खो हसत सुटला. "माझं ऐकाल तर शपथ. पण हेच भारी झालंय. काय टायमिंग आहे तुमचं!"

"रक्तातच आहे," गादीवाले म्हणाले आणि उठण्यासाठी त्यांनी हात वर केला. मुलाने त्यांना ओढून उभं केलं. हाही आता खेळाचाच एक भाग झाला होता.

सुरुवात एका अपघाताने झाली, असं मुलगा सगळ्यांना रंगवून सांगायचा. तो स्वतःचा धंदा बुडवून घरी परतला होता. आई नव्हती, घरात दोघंच. जेवताना ताटाकडे बघायचा, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचा. इकडे दुकानातही माशा मारायची वेळ आली होती, कारण लोक घरबसल्या तयार गाद्या मागवू लागले होते. शेवटचा प्रयत्न म्हणून त्याने दुकानाचे व्हिडिओ टाकायला घेतले. कापूस कसा भरतात, टाके कसे घालतात, असे सगळे शहाणे व्हिडिओ. ते कुणी बघेना. हेही जमलं नाही तर दुकानाला कुलूप लावू आणि मी कुठेतरी लांब निघून जाईन, असं त्याने वडिलांना सांगून टाकलं. कुठे, असं विचारल्यावर त्याने नुसते खांदे उडवले. त्या रात्री गादीवाल्यांनी आपलं अंथरूण दाराशी घातलं.

त्याच आठवड्यात चित्रण चालू असताना गादीवाल्यांचा पाय अडखळला. "गादी अशी हवी की..." एवढंच म्हणून ते दोन्ही हात पसरून गादीवर कोसळले. मुलगा आधी घाबरला आणि मग इतका हसला, की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याने तो व्हिडिओ तसाच टाकला आणि खाली लिहिलं, "पडा, पण आमच्या गादीवर." सकाळपर्यंत तो गावभर झाला होता. नंतर तर कुठल्या कुठल्या देशांतले लोक त्यावर हसत होते.

मागणी वाढली. मुलगा शीळ घालत दाढी करू लागला. रोज नवा प्रसंग लिहायचा आणि वडिलांना समजावून सांगायचा. गादीवाले पडायचे, पण सांगितलेल्या जागी कधीच नाही. म्हाताऱ्याचा काही नेम नाही, म्हणूनच तर लोक शेवटपर्यंत बघत राहायचे.

टाके घालायचं काम त्यांनी हळूहळू कारागिरावर सोपवलं. "आता काय बुवा, तुम्ही स्टार," मुलगा चिडवायचा. "सुई कशाला हातात धराल?" बटणांचे सदरेही त्यांनी सोडले आणि डोक्यातून घालायचे सैल झब्बे घेतले. ते कॅमेऱ्यात छान दिसतात, असं मुलाला वाटलं.

दुकानात आलेले लोक गळ घालायचे, "काका, आमच्यासमोर एकदा पडा ना." ते हसून नाही म्हणायचे. "मागून मिळत नाही ते." बाहेर पडताना गिऱ्हाइकं आपसात कुजबुजायची, की म्हाताऱ्याच्या डोक्यात हवा गेलीय.

शेजारचा गाळा घेऊन दुकान वाढवलं, त्या दिवशी रस्त्यावर ही गर्दी जमली. फीत कापायला गादीवाले पुढे निघाले आणि पायरीवरून खाली गेले. खाली गादी नव्हती. लोकांनी टाळ्या पिटल्या, कुणी शिट्टी मारली. मुलगाही मोबाइल धरून, ते डोळा कधी मारतात याची वाट बघत उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला.

"यांचा तोल केव्हापासून जातोय?" दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तोल नाही जात हो. पहिल्यांदा अपघात झाला होता. पुढचा सगळा अभिनय." त्याने मोबाइल पुढे केला.

बाईंनी वरचे चार-पाच व्हिडिओ बघितले. त्या हसल्या नाहीत.

"मुद्दाम पडणारा माणूस हात पुढे करतोच," त्या म्हणाल्या. "यांचे हात हलतसुद्धा नाहीत. गुडघ्यांतली ताकदच जाते. नसांचा आजार आहे, बराच वाढलेला. वेळेत आणलं असतं तर पुष्कळ काही थांबवता आलं असतं. आता चालणं परत येईल, असं मला सांगता येत नाही." मोबाइल परत देताना त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही तर सगळं टिपून ठेवलं होतंत."

मुलगा खाटेपाशी येऊन बसला आणि लहान मुलासारखा रडला.

"बाबा, एवढं दुखणं अंगावर काढलंत. पहिल्यांदा पाय अडखळला तेव्हाच का नाही बोललात? खड्ड्यात गेलं असतं दुकान. तेव्हाच तुम्हाला इथे आणलं असतं. आणि मी काय केलं? हसत बसलो."

गादीवाल्यांनी त्याच्या पाठीवर ठेवायला हात उचलून पाहिला. तो चादरीवरच राहिला.

"पहिल्यांदा मला काही झालं नव्हतं रे," ते म्हणाले. "तेवढा एकदाच मी मुद्दाम पडलो. तू हसावंस म्हणून."