एकही सुटता कामा नये

"सापडल्या का?" लिनबाईंनी फोनवर विचारलं.

"बऱ्याचशा. सगळ्या नाही अजून," देवयानी कुजबुजली. मांडीवरची पोर नुकती कुठे झोपली होती.

लिनबाई चीनमधल्या चेंगडू शहरात राहायच्या आणि देवयानी गुडगावात, नव्या सोसायटीच्या आठव्या मजल्यावर. मध्ये अख्खा हिमालय, आणि दोघींचं बेताचं इंग्रजी.

देवयानीच्या कंपनीनं नोंदी लिहून ठेवायचं एक सॉफ्टवेअर काढलं होतं. चीनमध्ये विकायला गेलं आणि तिथे त्यातली शोधायची सोय पार आंधळी झाली. मराठीत काय, इंग्रजीत काय, शब्दाशब्दांत जागा असते. तीच पाहून संगणक शब्द वेगळे करतो. चिनीत अक्षरं सलग, पाणी वाहावं तशी. संगणकाच्या लेखी अख्खी ओळ म्हणजे एकच शब्द. मग तिच्या पोटातलं नाव त्याला दिसणार कसं? हे काम ऑफिसात कुणालाच नको होतं, म्हणून ते बाळंतिणीकडे घरी आलं.

तक्रार लिनबाईंचीच होती. वर त्यांनी आपल्या सगळ्या नोंदीच तपासायला पाठवून दिल्या.

"अहो, इतकं खासगी?" देवयानी संकोचली होती.

"तुम्हाला कुठे वाचता येतंय!" लिनबाई हसल्या होत्या. मग त्यांनी तीन अक्षरांचं एक नाव पाठवलं. "हे जिथे जिथे आहे, तिथे तिथे सापडायला हवं. रविवारी मुलीचा वाढदिवस आहे. आता ती सगळं वाचते. हा संगणक मी तिलाच देणार आहे. त्याच्या आधी, हं. एकही सुटता कामा नये."

देवयानीला भरून आलं होतं. नावातलं पहिलं अक्षर म्हणजे आडनाव, एवढं तिला कळलं होतं. ते लिन नव्हतं. असेल कसं? तिथे बायका माहेरचंच आडनाव लावतात, लेकराला मात्र बापाचं, आपल्यासारखंच.

ते नाव मग तिच्या दुपारींत राहायला आलं. बाहेर मोहरीच्या शेतात क्रेन उभ्या होत्या, धुक्यात अर्ध्या विरघळलेल्या. वीज गेली की जनरेटर घुमायचा आणि त्या घुमण्यावर पोर गाढ झोपायची. पडद्यावरचं पहिलं अक्षर कधी छपरासारखं वाटे, दुसरं अंगणातल्या झाडासारखं, तिसरं पाय दुमडून बसलेल्या मुलीसारखं. कधी कधी बघता बघता देवयानीचाही डोळा लागायचा. मग स्वप्नात ती मुलगी उठून झाडाखाली चालायला लागायची.

"काय गं, त्या चिनी बाईच्या लेकीचं नाव घोकत बसलीस," सासूबाई म्हणाल्या. सुमित्राबाई दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरातून रोज सकाळी यायच्या आणि गॅलरीतल्या उन्हात बसून नातीची कुंची भरायच्या. "आणि आपल्या पोरीला अजून नावच नाही!"

"आई, मी तर म्हणते आजच ठेवू या."

"अच्छा? आणि आत्यावाचून कानात कोण सांगणार? मी? हेमांगीला रजा मिळू दे. तोवर आपली ही बाळीच."

"शाळेत जाईपर्यंत बाळीच राहील बिचारी."

"राहू दे. तुझं नाही का, वीस वर्षं कुमुद होतीस, इथे येऊन देवयानी झालीस. काही अडलं?"

देवयानी हसली. काही अडलं नव्हतं. फक्त कुणी कुमुद म्हणून हाक मारली, की आता तिलाच ओ द्यायला क्षणभर उशीर व्हायचा.

सासूबाईंचा हात साखळी टाका घालत होता. प्रत्येक कडी आधीच्या कडीच्या पोटातून निघत होती. देवयानी बघत राहिली. मग पोरीला हळूच सासूबाईंच्या मांडीवर दिलं आणि संगणकाकडे गेली.

शब्द कुठे तुटतो ते शोधायचंच कशाला? पहिलं-दुसरं अक्षर ही एक जोडी, दुसरं-तिसरं ही दुसरी, तिसरं-चौथं तिसरी. साखळी. नावाच्या जोड्या ओळीत कुठेही एकीला एक लागून आल्या की नाव सापडलं.

संध्याकाळपर्यंत नोंदी भराभर वर यायला लागल्या, तळ्यातल्या माशांसारख्या.

"एक नाही आली," दुसऱ्या दिवशी लिनबाईंचा फोन. आवाज घाबरा. "पहिलीच. मुलगी घरी आली त्या दिवसाची. तीच राहिली तर काय उपयोग?"

घरी आली तो दिवस! देवयानीला आपला आठवला. दवाखान्यातून निघालेली टॅक्सी, दुपट्यातून बाहेर आलेली मूठ, दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या असलेल्या सासूबाई. तो दिवस हरवून कसा चालेल?

तिनं ती नोंद शोधायला सगळा शनिवार घातला. पोर रडली, दूध उतू गेलं, सासूबाई पुटपुटल्या, "काय वेड लागलंय यार हिला." शेवटी दिसलं. नाव ओळीच्या टोकाशी तुटलं होतं. दोन अक्षरं वर, तिसरं खालच्या ओळीत, हात सुटलेल्या मुलीसारखं एकटं. देवयानीनं संगणकाला शिकवलं, ओळ संपली तरी साखळी तोडायची नाही.

रविवारी सकाळी फोन वाजला.

"आली," लिनबाई म्हणाल्या. "पहिलीसुद्धा आली. तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले!" देवयानीचे डोळे पाणावले. पोरीला तिनं आणखी जवळ घेतलं. "इतक्या ठिकाणी आपलं नाव बघून किती खूश होईल हो तुमची लेक!"

पलीकडे कीबोर्डची टकटक चालूच होती.

"तिचं नाव? छे हो. हे तिला जन्म दिलेल्या बाईचं नाव. पुसत आणलंय. थोड्याच नोंदी राहिल्यात आता."