तिसरी खुर्ची

विद्यापीठाच्या जॅझ बँडमध्ये ती लांब पितळी वाद्यांच्या रांगेत तिसरा ट्रॉम्बोन वाजवायची, म्हणून सगळे तिला ‘तिसरी’च म्हणत. दर कार्यक्रमानंतर आई विचारायची, “छान झालं गं, पण त्यात तुझा आवाज कुठला?”

शेवटच्या वर्षी अरेंजिंगच्या, म्हणजे कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते लिहिण्याच्या, परीक्षेसाठी तिने अख्ख्या बँडला एक गाणं लिहून दिलं आणि त्याची मुख्य धून दिली थेट तिसऱ्या ट्रॉम्बोनला. सरांनी कपाळावर हात मारला.

“अगं, धून ट्रम्पेटला द्यावी, सॅक्सोफोनला द्यावी! तिसरा ट्रॉम्बोन म्हणजे नुसता भराव, कुणीही वाजवेल तो. बदल हे, नाहीतर नापास करीन.”

“करा, सर. पण यातला एक सूर हलणार नाही.”

परीक्षेच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. ज्याची रचना, त्यानेच छडी घेऊन बँडसमोर उभं राहायचं, हा तिथला शिरस्ता. त्यामुळे तिसरीची खुर्ची रिकामी पडली; बाकीचे ट्रॉम्बोनवाले आपापल्या सुरांत अडकलेले, आणि सर सोडले तर ट्रॉम्बोन येणारं दुसरं कुणी हाताशी नव्हतं. सर पुटपुटत जाऊन बसले.

धून सुरू झाली, तसे सरांचे डोळे आपोआप मिटले. शेवटचा सूर विरला आणि टाळ्या थांबेचनात. आई तर उभीच राहिली. सर खुर्चीतून उठले, वाकले, पुन्हा एकदा वाकले.

तिसरीने छडी खाली ठेवली. “बरोबर होतं हं तुमचं, सर. कुणीही वाजवेल!”