कोपराची खूण

गल्लीतल्या त्या गायक मंडळात माणसं चौदा आणि मास्तरांची शिस्त एकच: प्रार्थनेचा शेवटचा लांब सूर तुटता कामा नये. त्यासाठी त्यांनी युक्ती काढली होती. शेजाऱ्याचं कोपर लागलं की आपण गुपचूप श्वास घ्यायचा आणि मग पुढच्याला कोपर लावायचं. एक थांबला तरी तेरा गात राहायचे.

त्या दुपारी वाचनालयाच्या सभागृहात आधी नावाड्यांचं गाणं झालं, मग अंगाई झाली. शेवटी प्रार्थना. व्यासपीठ इतकं अरुंद, की सगळे खेटून उभे.

"अहो, पोट आत घ्या," ओळीतल्या बेकरीवाल्याला शेजारीच गाणाऱ्या बायकोने दटावलं.

त्याने घेतलं. पण ऐन शेवटच्या सुराला पोट सुटलं, त्याचा तोल गेला आणि धक्क्यासरशी साऱ्या ओळीला एकदमच कोपर लागलं. शिस्तीची माणसं ती! चौदाच्या चौदा जणांनी ओठ मिटून श्वास घेतला.

गेली अब्रू, बेकरीवाल्याच्या मनात आलं.

सूर तुटला नाही.

त्याने बायकोकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेलेच होते. सूर मात्र भरत चालला होता, खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. मास्तरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पुन्हा तोंड उघडायचा कुणाला धीरच होईना. इतका शुद्ध सूर त्यांना जन्मात लागला नव्हता.

अखेर मास्तरांनी अदबीने मूठ मिटली. सूर थांबला.

टाळी वाजली नाही. त्या शांततेत, अगदी बेकरीवाल्याच्या कानाशी, कुणीतरी सावकाश, खोल श्वास घेतला. पुढचं गाणं सुरू करण्याआधी घेतात, तसा.