मास्तरांचा हात

काळोखे मास्तरांनी बायकोला हौसेने पहिल्या रांगेत बसवलं. पवनचक्क्यांच्या कारखान्यात आज सरकारी शिकाऊ योजनेतल्या मुलामुलींची परीक्षा होती. वर्षभर त्यांनी सरकारने दिलेले हातमोजे घालून काम केलं होतं. त्या मोज्यांत मास्तरांच्या हातांची चाल उतरवलेली होती. मोजा वळेल तसा शिकणाऱ्याचा हात वळायचा. आज मात्र मोजे काढून ठेवायचे होते. कसब हातात मुरलं असेल तर पास, नाहीतर पुन्हा वर्षभर तेच.

रेहाना मुलाणी पहिली पुढे आली. उघड्या हातांनी तिने बेअरिंग चाचपलं आणि एका दमात बसवलं. चाक जराही कुरकुर न करता फिरलं. मास्तरांचा ऊर भरून आला.

"बघितलंस, इंदू? हात माझाच आहे."

तेवढ्यात रेहानाचा उजवा अंगठा आपोआप डाव्या तळव्यावर काहीतरी मळायला लागला. मग तिने तळव्यावर दोन थापा मारल्या आणि रिकामी चिमूट ओठाकडे नेली.

"हे काय गं?" परीक्षकांनी विचारलं.

"माहीत नाही, सर. काम नीट जमलं की आम्हा सगळ्यांचेच हात असं करतात."

मास्तरांनी लेकीच्या लग्नात तंबाखू सोडली होती, निदान घरी तसं सांगितलं होतं. नातू आता शाळेत जात होता. मोजे तयार झाले ते मात्र गेल्याच वर्षी.

इंदुमतीबाई हसू दाबत समोरच बघत राहिल्या. मग त्यांनी नवऱ्यापुढे तळवा पसरला.

"हात तुमचाच आहे. आता पुडी द्या इकडे."