आधी पैसे, मग कागद

"उरलेले पैसे दिले नाहीत, तर एकसुद्धा कागद देणार नाहीस?" म्हातारीने दुसऱ्यांदा विचारलं.

"नाही, आपा," चिनारा म्हणाली. "निम्मे आधी, उरलेले कागद नेताना. सगळ्यांना हाच नियम."

"आणि दुसरंच कोणी आलं, रडलं-भेकलं तर?"

"ज्याने काम दिलं, त्याच्याच हातात देते."

सायराकान आपाने मान डोलावली आणि निम्मे पैसे टेबलावर ठेवले. बिश्केकच्या ओश बाजारात लोकरी मोजे विकणारी बाई, पण तिने एका सोमचीही घासाघीस केली नाही. चिनाराला जरा नवल वाटलं, पण असं गिऱ्हाईक रोज कुठे मिळतं?

काम साधं होतं. आपाची मुलगी नाझगुल जर्मनीत म्हाताऱ्या माणसांची सेवा करायची. तिकडेच तिने लग्न केलं होतं, आणि आता आपल्या लेकीला बोलावून घेत होती. लेक अकमाराल सात वर्षांची, पाळण्यात होती तेव्हापासून आजीकडे वाढलेली. तिचा जन्मदाखला, शाळेचा दाखला, आजीचं संमतिपत्र, सगळं जर्मन भाषेत हवं होतं. मूळ कागदही आपाने चिनाराच्याच ताब्यात दिले.

चिनारा मुळात अशी कडक नव्हती. पूर्वी ती शब्दावर काम करायची. मग एका बांधकाम कंपनीने तिच्याकडून जाडजूड करार भाषांतरित करून घेतले, उद्या देतो, परवा देतो म्हणत झुलवलं, आणि एक दिवस कंपनीच्या दाराला कुलूप दिसलं. त्या हिवाळ्यात घरात पुरेसा कोळसा आला नाही. आई आधीच छातीने दुबळी होती. ती खोकत खोकत गेली.

तेव्हापासून हा नियम. बिश्केकमधले बाकीचे भाषांतरकार तिला पाठीमागे 'दगडी चिनारा' म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं, आणि ती ते मनावर घेत नसे. दगडाला निदान कोणी फसवत नाही.

आठवडाभरात काम झालं, नोटरीचा शिक्काही बसला. आपा आली ती बोरसोक घेऊन, तळलेले कणकेचे गोळे, अजून गरम, फडक्यात बांधलेले. पैसे जमले नाहीत म्हणाली. चिनाराने चहा दिला, कागद दिले नाहीत.

पुढल्या आठवड्यात तेच झालं, त्याच्या पुढल्यातही तेच. आपा यायची, चहा प्यायची, कपाटाकडे पाहून विचारायची, "आत नीट आहेत ना?" चिनारा हो म्हणायची. मग ती उठून जायची. गयावया नाही, तक्रार नाही. तेच चिनाराला जास्त टोचायचं. एकदा अकमारालही बरोबर आली. आईकडे आपल्याला वेगळी खोली आहे, खिडकीतून नदी दिसते, असं ती सांगत सुटली. आपाने तिच्या कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली आणि घाईने तिला घेऊन गेली.

शेवटी नोटरी रोझाने विषय काढला. ती चिनाराची जुनी मैत्रीण. पोरीची वकिलातीतली मुलाखत सोमवारी आहे, ती हुकली तर पुन्हा तारीख कधी मिळेल देव जाणे, असं तिने सांगितलं.

"नियम म्हणजे नियम," चिनारा म्हणाली.

"तुझ्या आईने एका म्हातारीला दारातून असं परत पाठवलं असतं?"

एवढं म्हणून रोझा आपले शिक्के मारत बसली.

शनिवारी सकाळी चिनाराने कपाट उघडलं, कागदांची फाइल कोटाच्या आत धरली आणि मार्शरुत्का, म्हणजे भाड्याची छोटी बस, पकडून शहराच्या कडेच्या वस्तीत गेली. धुराने आभाळ काळं झालं होतं. दोनदा वाट चुकल्यावर घर सापडलं. आपा कणीक लाटत होती. चिनाराला दारात बघून तिचे हात थांबले.

"उरलेलं माफ, आपा," चिनारा म्हणाली. "सोमवार चुकवू नका." कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं इतकं तिला हलकं वाटत होतं.

आपा काही बोलायच्या आत अकमारालने फाइलवर झडप घातली. आजीचा फोन उचलून तिने आईला लावलासुद्धा. "आई, कागद मिळाले! त्या बाई स्वतः घेऊन आल्या!" पलीकडे नाझगुल हसत होती की रडत होती, ते कळेना. पोरगी फोन घेऊन आतल्या खोलीत पळाली. सोमवारी काय घालायचं ते आईला दाखवायचं होतं.

आपा हळूच खाली बसली. पिठाचे हात तिने तोंडावर धरले. चिनाराही तिच्याजवळ टेकली आणि तिने ते हात आपल्या हातात घेतले.

"रडू नका, आपा. चूक माझीच. मीच ताणून धरलं."

आपाने आतल्या खोलीकडे पाहिलं. पोरगी कसली तरी पेटी उघडत होती. मग म्हातारी अगदी हलक्या आवाजात बोलली, आत ऐकू जाऊ नये म्हणून.

"पैसे नाझगुलने पहिल्याच आठवड्यात पाठवले होते, पोरी. काही झालं तरी कागद हातचे सोडणार नाही असं कोण आहे, ते विचारत मी सगळं शहर फिरले होते. सगळ्यांनी तुझंच नाव सांगितलं."